आभाराचे अर्धे पान

पूर्णा, ता. भिवंडी
२४ जून १९७३

ती. दाजी,

तुम्हाला आणि ताईला नमस्कार. मागच्या पाकिटावर तिकीट नीट चिकटले होते की नाही, याची मला अजून रुखरुख आहे. म्हणून या वेळी अंतर्देशीय घेतले.

येथे सर्व ठीक आहे. पेरण्या झाल्या. खाडीचा बांध गावाने पावसाआधीच दुरुस्त केला आणि उघाडीच्या फळ्या नव्या बसवल्या. उघाडी म्हणजे काय ते तुम्ही मागे विचारले होते आणि मला तेव्हा नीट सांगता आले नाही. उघाडी म्हणजे बांधातले दार. ओहोटीला ते उघडून शेतातले पावसाचे पाणी खाडीत सोडायचे आणि भरती चढायच्या आत फळ्या टाकून खारे पाणी बाहेर ठेवायचे. उधाणाचे पाणी एकदा आत शिरले तर भाताची जमीन पुढची दोन-तीन वर्षे काही देत नाही.

मिठागराच्या शेठने चार वर्षांपूर्वी हेच केले होते. भर उधाणात माणसे पाठवून फळ्या काढवल्या. त्याला मिठागरासाठी खारे पाणी हवेच होते. शिवाय शेते पडीक झाली की लोक ती मिळेल त्या किमतीला विकतील, हेही त्याला ठाऊक होते. गावाने कोर्टात दावा लावला. दावा अजून चालू आहे, पण तोवर कोर्टाने उघाडीला आडवा लोखंडी दांडा आणि कुलूप लावले आणि किल्ली स्वतःच्या कमिशनरांकडे दिली. हे कमिशनर म्हणजे भिवंडीचे रिटायर ओव्हरसियर बुबेरेसाहेब. पावसाळाभर भरती-ओहोटीच्या वेळा बघून ते रोज सायकलने येतात. त्यांच्यामुळे गेल्या वर्षी आमच्या घरात भात आले.

आमचे सरपंच लडकूकाका म्हणतात की कमिशनर मिळाले ते तुमच्या आमदारसाहेबांच्या शब्दामुळे, आणि साहेबांपर्यंत आमचे म्हणणे गेले ते तुम्ही त्यांचे लेखनिक असल्यामुळे. गावाने तुमचे आभार कळवायला सांगितले आहे. माझेही त्यात आहेत.

तुमचा,
रामनाथ


मुंबई
३ जुलै १९७३

चि. रामनाथ,

पत्र मिळाले. तिकिटाचेही मिळाले होते, काळजी सोड. साहेबांनी बंगल्यामागची खोली दिल्यापासून तुझ्या ताईचा खोकला थांबला आहे. चाळीतल्या ओलीत तो तीन वर्षे गेला नव्हता.

कमिशनर कोर्टाने नेमला, साहेबांनी नव्हे. पण लोक श्रेय देत असतील तर साहेब नको म्हणणारे नाहीत, आणि मीही त्यांना तसे सुचवणार नाही.

आता एक चांगली बातमी. साहेब या अधिवेशनात विधान परिषदेत स्वतःचे विधेयक मांडत आहेत. कोर्टाने नेमलेले कमिशनर आणि वादातली मालमत्ता सांभाळणारे रिसीव्हर यांची मुदत आणि मेहनताना याला नियम लावणारे. शहरात काही रिसीव्हर एखाद्या चाळीवर बसतात आणि भांडणारे म्हातारे झाले तरी उठत नाहीत. भाडे तेच खातात. त्याला आळा बसेल.

याच महिन्यात साहेबांची एकसष्टी आहे. स्मरणिका निघेल. तुमच्या गावाला कमिशनरचा अनुभव आहे, तेव्हा गावाने विधेयकाबद्दल साहेबांचे आभार मानणारे अर्धे पान द्यावे, अशी साहेबांची इच्छा आहे. पानाचे पैसे नकोत, मजकूर तेवढा पाठवा. तूच लिही. तुझे अक्षर आणि शुद्धलेखन साहेबांना मी दाखवले आहे.

सावळाराम


पूर्णा
१५ जुलै १९७३

ती. दाजी,

मजकूर सोबत पाठवत आहे. तीनदा लिहून काढला.

मारुतीच्या देवळात बैठक झाली. पैसे लागणार नाहीत म्हटल्यावर कोणी ना म्हटले नाही, पण लोक आनंदात होते ते तेवढ्यासाठी नव्हे. एक वर्ष झाले, आमच्या गावाला कोणाचे तरी आभार मानायचे आहेत आणि ज्यांचे मानायचे ते बुबेरेसाहेब मानू देत नाहीत. ते दोन्ही पक्षांचे पाणीसुद्धा घेत नाहीत. सायकलच्या पिशवीत स्वतःचा थर्मास आणतात आणि बांधावर छत्री धरून एकटे चहा पितात.

ठमाआजी ठाऊक आहे ना तुम्हाला? पहिल्या पावसाळ्यात तीच म्हणाली होती, "भिवंडीचा मुसलमान आपली शेतं कनाला राखल रं?" परवा तीच आले घातलेला चहा घेऊन भर पावसात बांधावर गेली. बुबेरेसाहेब म्हणाले, "आजी, तुमचा प्यालो तर उद्या शेठचाही प्यावा लागेल. दोन चहा मला सोसत नाहीत."

आजी म्हणाली, "मंग ऱ्हा तसाच थंडीत कुडकुडत!" आणि चहा खाडीत ओतून आली. साहेब इतके हसले की छत्री उलटी झाली.

तेव्हा तुमच्या साहेबांचे पान निघते म्हटल्यावर गावाला हायसे वाटले. कोणीतरी आभार घेणारा मिळाला. मजकूर असा आहे:

"कोर्टाने नेमलेल्या कमिशनरामुळे आमची शेते वाचली. अशा कमिशनरांसाठी कायदा करणाऱ्या आमदारसाहेबांचे पूर्णा गावचे समस्त ग्रामस्थ अंतःकरणपूर्वक आभार मानतात."

"अंतःकरणपूर्वक" छापताना विसर्ग राहून जाईल, अशी भीती वाटते. प्रेसमध्ये तुम्ही स्वतः बघाल का?

रामनाथ


मुंबई
१९ ऑगस्ट १९७३

चि. रामनाथ,

स्मरणिका निघाली. विसर्ग आहे.

विधेयक शुक्रवारी मांडले गेले. साहेबांनी भाषणात तुमचे अर्धे पान वाचून दाखवले. "खेड्यातल्या शेतकऱ्यालाच हा कायदा हवा आहे, याहून मोठी साक्ष कोणती?" असे म्हणाले. बाके वाजली. विधेयक आता समितीकडे गेले आहे. समिती लोकांची लेखी मते मागवून, ज्यांना बोलायचे त्यांचे ऐकून, अहवाल देईल.

छापील प्रत सोबत आहे. कलम सहा सावकाश वाच. एकदा वाचून ठेवून दे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वाच. वाचून झाल्यावर काय वाटले ते मला लगेच लिही, दुसऱ्या कोणाला नको.

तुझी ताई बरी आहे. सध्या माझ्याशी कमी बोलते.

सावळाराम


पूर्णा
२७ ऑगस्ट १९७३

ती. दाजी,

आमचे पान परिषदेत वाचले गेले, हे मी देवळात सांगितले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. लडकूकाका म्हणाले, "आपल्या पूर्ण्याचा नाव मुंबईच्या त्या मोठ्या घरात घेतला!" माझ्या डोळ्यांत पाणी आले. दाजी, हे सर्व तुमच्यामुळे.

कलम सहा तुम्ही सांगितले तसे दोन दिवस वाचले. दुसऱ्या ओळीत "लेखी" मधला "ले" उलटा छापला आहे आणि शेवटी पूर्णविराम नाही. कलम मी वहीत उतरवून घेतले आणि पेन्सिलीने खुणा करून प्रत परत पाठवत आहे. भाषा जड आहे, पण आणखी चूक मला सापडली नाही. काही राहिले असेल तर माफ करा.

नारळी पौर्णिमेची भरती चांगलीच मोठी होती. दुपारी पाणी बांधाच्या माथ्याला टेकले. आम्ही पन्नासएक माणसे पाट्या-फावडी घेऊन बांधावर उभे होतो. बुबेरेसाहेब उघाडीच्या कट्ट्यावर कुलपावर हात ठेवून बसले होते. भरती फिरेपर्यंत उठले नाहीत. मिठागराचा मुकादम होडीतून आला आणि ओरडला, "बसा साहेब, बसा! दिवाळीनंतर कुलूप कुनाच्या हातात ऱ्हातं ते बगू!"

आमच्या गावचा मोरू म्हणाला, "आता तर कायदाच होतोय, तुझा शेठ काय करतो?"

मुकादम हसून हसून होडीत खाली बसला. त्याला एवढे हसू कशाचे आले ते कळले नाही. बहुधा प्यायलेला असावा.

भात पोटरीला येत आहे. ताईला सांगा, या वर्षी तिच्या वाटणीचा तांदूळ मी स्वतः पाखडून पाठवीन.

रामनाथ


मुंबई
१ सप्टेंबर १९७३

रामनाथ,

मी तुला छपाईच्या चुका काढायला प्रत पाठवली नव्हती. चूक माझी. उघड लिहायला भ्यालो आणि तू आडून सांगितलेले ओळखशील असे धरून चाललो. आता उघड लिहितो. वाचून हे पत्र चुलीत घाल.

कलम सहा म्हणते की कोर्टाने नेमलेला कमिशनर सहा महिन्यांच्या वर ठेवायचा असेल तर वादातल्या दोन्ही पक्षांची लेखी संमती हवी. दोन्ही पक्षांची. म्हणजे तुमची आणि शेठची. मुकादम प्यायलेला नव्हता.

मेहनतान्याला मर्यादा, हिशोब कोर्टाला देणे, ही बाकीची कलमे चांगली आहेत. त्यांच्याच आड हे कलम उभे केले आहे. मसुदा साहेबांनी लिहिलेला नाही. तो शेठच्या वकिलाकडून टाइप होऊनच आमच्याकडे आला. मी फक्त वर साहेबांचे नाव घातले.

आणि हे का, तेही सांगतो. साहेबांना पुढच्या खेपेला लोकसभेला उभे राहायचे आहे. कंपन्यांनी पक्षाला देणगी द्यायला कायद्याने बंदी आहे, म्हणून स्मरणिका. जाहिरात द्यायला बंदी नाही. समारंभ एकसष्टीचा, पैसा निवडणुकीचा. शेठने मिठागराचे पान घेतले, मग बायकोच्या नावच्या दुकानाचे, जावयाच्या नावच्या कारखान्याचे, नातवाच्या नावच्या आणखी कशाचे. ती दुकाने तुला भिवंडीत शोधून सापडणार नाहीत. ती पाने गोळा करत मीच फिरलो. साहेब वाईट आहेत असे म्हणणार नाही, कारण तुझ्या ताईला औषध त्यांनी आणले होते. पण शेठने पाने घेतली आणि मसुदा पाठवला, आणि साहेबांनी तो न वाचता मांडला की वाचून मांडला, हे विचारायची माझी हिंमत नाही.

त्या सगळ्या पानांत फुकटचे पान एकच होते, ते तुमचे. तेच सगळ्यांत कामाला आले.

समिती वीस तारखेपर्यंत लेखी म्हणणे घेते. गावाने लिहावे. पण मी कळवले हे कोणालाही, आईलासुद्धा, कळता कामा नये. ही खोली साहेबांची आहे. तुझी ताई मात्र म्हणते, "माझ्या बापाची शेतं खारवली तर इथं खोकला थांबून मी काय करू?" दोन दिवस तिने मला जेवायला वाढले, पण समोर बसली नाही. आज बसली. म्हणून हे पत्र.

सावळाराम


पूर्णा
१४ सप्टेंबर १९७३

ती. दाजी,

चुलीत घातले. राखही कालवली.

तुमचे पत्र वाचल्यावर मला वाटले होते की मी तुमच्यावर रागावेन. रागावता आले नाही. ज्याला गप्प बसून खोली राखता आली असती, त्याने लिहिले. हे मी कोणाला सांगू शकत नाही, म्हणून तुम्हालाच सांगतो.

यंत्रमागावरची शिफ्ट सुटल्यावर मी भिवंडीच्या वाचनालयात जाऊन बसलो. तिथे विधेयकाची प्रत नव्हती, पण मी तिथे बसलेला दिसलो पाहिजे म्हणून बसलो. दुसऱ्या दिवशी लडकूकाकांना सांगितले की वाचनालयात वाचता वाचता कलम सहाचा अर्थ मला कळला. काका आधी मानेनात. "अरं, आपुनच आभार मानले ना?" असे तीनदा म्हणाले. मग त्यांनी मला कलम चार वेळा वाचायला लावले आणि टोपी काढून मांडीवर ठेवली.

रात्रीऐवजी दुसऱ्या दिवशी सकाळीच बैठक घेतली, त्यामुळे बायकाही आल्या. मोरू म्हणाला, "पान मागं घेतो म्हनून कलवू." ठमाआजी त्याच्यावर ओरडली, "दिलेला आभार मागं घेतात का रं? भीक हाय का ती?" शेवटी आजीचेच ऐकले. ज्यांचे आभार खरे मानायचे होते त्यांचे मानू, असे ठरले. निवेदनात मी बुबेरेसाहेबांनी दोन पावसाळे काय केले तेवढेच लिहिले आहे: कोणत्या उधाणाला ते कुठे बसले होते, मुलाच्या लग्नाच्या दिवशीही ओहोटीला दार उघडायला कसे आले, आणि त्यामुळे कोणाच्या घरी भात आले. शेवटी, कलम सहा राहिले तर असा माणूस ठेवायचा की नाही हे त्याच्याच धाकाने ज्याला आवरले आहे त्याला विचारावे लागेल, एवढे एक वाक्य आहे. तुमच्या साहेबांविरुद्ध अक्षर नाही.

निवेदन पाठवण्यापूर्वी बुबेरेसाहेबांना दाखवावे, असे काकांना वाटले. साहेबांनी चष्मा काढला आणि वाचायला नकार दिला. म्हणाले, "माझ्याबद्दल आहे ना? मग मी कसा वाचू? उद्या कोणी म्हणेल, स्वतःची नोकरी वाचवायला लिहून घेतलं." मग चष्मा पुसत मला म्हणाले, "मेहनतान्याला हद्द घालतायत, ते मात्र बरोबर करतायत. तेवढं खोडायला सांगू नका." मी ती गोष्ट निवेदनात वाढवली. त्यासाठी सगळे पान पुन्हा लिहावे लागले.

समितीने बोलावले तर आम्ही पाच जण एस.टी.ने येऊ. तुम्ही तिथे असाल. मी काय करू? ओळख दाखवू की नको? कृपा करून कळवा. नाही कळवलेत तर मी जमिनीकडे बघत राहीन.

रामनाथ


मुंबई
७ ऑक्टोबर १९७३

चि. रामनाथ,

तू खरोखरच जमिनीकडे बघत राहिलास. अध्यक्षांनी नाव विचारले तेव्हासुद्धा.

तुम्ही गेल्यावर काय झाले ते तुला कळायला हवे, म्हणून लिहितो. पण आधी जे झाले ते मला कसे दिसले तेही लिहितो, कारण मी साहेबांच्या मागे फायली घेऊन बसलो होतो.

अध्यक्षांनी स्मरणिका उघडून विचारले, "हे आभाराचे पान तुमचंच ना?" लडकूकाका उभे राहिले. "आमचाच. चांगला कायदा करतात असा वाटला, म्हनून लिवला. आता वाईट हाय असा समजला, म्हनून आलो." सगळे हसले. साहेबही हसले आणि म्हणाले, "लडकूशेठ, तुम्ही कलम वाचलंत की कोणी वाचून दाखवलं?"

काका तुझ्याकडे हात करून म्हणाले, "ह्या पोऱ्यानं वाचला, भिवंडीच्या वाचनालयात." आणि मग माझ्याकडे वळले. तेव्हा मला वाटले, संपले सगळे. काका म्हणाले, "न्हायतर हा आमचा जावई! सायबाच्या बंगल्यावर ऱ्हातो, सगला त्याच्या हातून जातो, पन आमाला एका शब्दानं बोलला न्हाय. मुंबईचा पानी प्याला, सासुरवाडीला विसरला. दिवालीला ये तू, मंग बगतो तुला!"

समितीसमोर! एक सभासद बाई तोंडावर पदर धरून हसल्या. मी मान खाली घातली. लाज वाटावी तशी घातली, पण खरे सांगतो, तेवढे हायसे मला आयुष्यात वाटले नव्हते.

नंतर अध्यक्षांनी कलमात नेमके वाईट काय, असे विचारले. तू दोन वाक्ये बोललास, ती कोणाला ऐकू आली नाहीत. काका म्हणाले, "सायेब, भांडन दोगांचा. एकाच्या भीतीनं कोर्टानं कुलूप लावला. आता त्यालाच जाऊन इचारायचा का, बाबा, कुलूप ठेवू का काढू?" त्यानंतर कोणी हसले नाही. अध्यक्षांनी पेन्सिलीने समासात काहीतरी लिहिले.

तुम्ही गेल्यावर साहेबांनी मला गाडीत विचारले, "सावळाराम, तुझी सासुरवाडी ना ती?" मी होय म्हटले. "तुला हे ठाऊक नव्हतं?" मी म्हटले, "तुम्ही ऐकलंतच, साहेब, काका मला काय म्हणाले ते." साहेबांनी गाडीची काच खाली केली. मग म्हणाले, "फार बोललं म्हातारं तुला. मनावर घेऊ नकोस." आणि खोलीबद्दल काही बोलले नाहीत.

लडकूकाकांचे माझ्या वतीने आभार मानावेत असे मला फार वाटते. पण कशाबद्दल, ते सांगू शकत नाहीस, तेव्हा राहू दे. दिवाळीला मी येणार नाही. आलो तर काका खरोखर मारतील.

सावळाराम


पूर्णा
२१ ऑक्टोबर १९७३

ती. दाजी,

कलम सहा गेले. गावाच्या वकिलांनी भिवंडीहून माणूस पाठवून कळवले. समितीने मेहनतान्याची मर्यादा ठेवली, दर तीन महिन्यांनी कोर्टाला हिशोब देण्याचे ठेवले आणि संमतीचे कलम वगळायची शिफारस केली. तुमच्या साहेबांनी विरोध केला नाही, असेही कळले. त्यांचेही आभार मानावेत का, असा विषय देवळात निघाला होता. ठमाआजी म्हणाली, "थोडं थांबा. कायदा होऊ द्या, मंग बगू."

दाव्याचा निकाल लागेपर्यंत किल्ली बुबेरेसाहेबांकडेच राहील. त्यांना बातमी सांगितली तर म्हणाले, "हिशोब मागतायत? अच्छा झालं. मी दोन वर्षं देतोच आहे, कोणी वाचतच नव्हतं." आणि सायकलची साखळी बसवू लागले. कापणी सुरू आहे. खाडीकाठच्या खाजणातले भात इतके भरले आहे की पेंढ्या उचलताना मोरूची कंबर धरली.

आता जे लिहायचे आहे, ते लिहिताना मला बरे वाटत नाही.

परवा गावाने माझा सत्कार केला. मी नको म्हणत होतो, पण का नको ते सांगू शकत नव्हतो. लडकूकाकांनी खांद्यावर शाल घातली आणि हातात नारळ दिला. म्हणाले, "आपल्यात शिकलेला कोन न्हाय, पन शिकलेल्यांनी जे लपवला ते ह्या पोऱ्यानं हुडकला." ठमाआजीने माझ्या तोंडावरून हात फिरवून बोटे मोडली. आई रडली. आणि मग काका पुन्हा तुमच्याबद्दल बोलले. सगळे हसले. दाजी, मीही हसलो. हसलो नसतो तर कोणाला तरी संशय आला असता. पण घरी येऊन मला जेवण गेले नाही.

कलमाचा अर्थ मला कळला नव्हता. मी उलटा "ले" शोधत बसलो होतो. ही शाल माझी नाही, नारळही माझा नाही. शाल पाठवली तर साहेबांच्या बंगल्यावर सगळे विचारतील कुठली, म्हणून ती मी पेटीत ठेवली आहे. गावाचा दावा निकालात निघेल आणि तुम्हाला कोणाची खोली लागणार नाही, तेव्हा ती तुमची.

नारळ मात्र पाठवतो. मोरू भाजी घेऊन भायखळ्याला येतो, त्याच्या पाटीत ताईसाठी नवा तांदूळ आहे आणि तांदळाच्या पिशवीत नारळ. मोरूला मी देवाचा नारळ म्हणून सांगितले आहे. मी तो फोडला नाही, कोणाला फोडू दिला नाही. आई म्हणाली, सत्काराचा नारळ घरच्यांनी खायचा असतो. मी म्हटले, ताई घरचीच आहे.

दाजी, गावात माझ्या नावाने जे जे बोलले जात आहे, ते सगळे मी मनात तुमच्या नावाने ऐकतो. याहून जास्त मला करता येत नाही. आभार मानावेत असे पुष्कळ आहे. जपून राहा.

तुमचा,
रामनाथ


मुंबई
१ नोव्हेंबर १९७३

रामनाथा,

हे पत्र मी लिहितेय, ह्यांना लिहायला वेळ नाही. साहेबांच्या मतदारयाद्या आल्यात. माझं अक्षर हसण्यासारखं आहे, हस.

मोरू आला. तांदूळ उत्तम, एक खडा निघाला नाही. नारळ मी ह्यांच्या हातात दिला आणि तुझं पत्र वाचून दाखवलं. हे नारळ हातात घेऊन खिडकीपाशी उभे राहिले, मग हलवून बघितला आत पाणी आहे का ते. म्हणाले, "गावाने दिला." एवढंच. पण रात्री बऱ्याच महिन्यांनी ह्यांनी दुसऱ्यांदा भात मागितला.

पत्र मी चुलीत घातलं. तू घालायला सांगितलं नव्हतंस, पण घातलं.

नारळ काल फोडला. दिवाळी होऊन गेली तरी खोबऱ्याच्या वड्या केल्या, वेलची घालून. हे खात होते तेवढ्यात साहेब मागच्या दाराने आले, फाइल हवी होती म्हणून. ताट समोर, आता वाढल्याशिवाय कसं राहायचं? मी बशीत दोन ठेवल्या. ह्यांच्या हातातली वडी हातातच राहिली. साहेबांनी एक खाल्ली, मग दुसरी खाल्ली, म्हणाले, "वहिनी, नारळ फार गोड आहे हो. कुठला?"

ह्यांच्या चेहऱ्याकडे मी बघितलंच नाही. म्हटलं, "माहेरचा."

साहेबांनी आणखी एक मागितली. दिली.

तुझी ताई